शेवटचं कडवं आधी

मागच्या वर्षीची गोष्ट. संक्रांतीनंतरचा रविवार, आपल्या मंडळाची काव्यपाठ स्पर्धा, आठवी ते बारावीचा गट. माझी भाची तेव्हा आठवीत होती. तिनं बारा कडव्यांची कविता घेतली होती आणि ती मी तिच्याकडून बसवून घेतली होती. पहिली दोन कडवी खणखणीत झाली. तिसऱ्याची पहिली ओळ झाली आणि पुढे काही येईना. तिनं विंगेत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. नियमाप्रमाणे मला शब्द सुचवता येत नव्हता. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा त्याच ओळीपाशी आली आणि पुन्हा थांबली. मग नमस्कार करून खाली उतरली. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या कशासाठी असतात ते आठवीतल्या मुलीलाही कळतं.

घरी येताना गाडीत कोणी बोलत नव्हतं. राजवाड्यापाशी गर्दीत अडकलो, तेव्हा मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, “चूक तिची नाही, तुझी आहे. तू तिला घरी एकदाही अडखळू दिलं नाहीस.”

मला राग आला. तीन महिने दर रविवारची सकाळ मी या मुलांना दिली होती. पण रात्री झोपताना आठवून पाहिलं तर बाबांचं बरोबर होतं. तालमीत ती जरा थांबली की मी लगेच पुढचा शब्द सांगायचो. तिसऱ्या कडव्यापाशी तर दर वेळी सांगायचो. म्हणजे ते कडवं तिच्या डोक्यात नव्हतंच, माझ्या तोंडात होतं. स्टेजवर माझं तोंड बंद झालं आणि कविताही बंद पडली.

मी इंदूरचाच. बीई इथंच केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता घरून काम करतो. कॉलेजात नाटकं केली होती, एवढ्या भांडवलावर मंडळाच्या काकांनी मुलांचं पाठांतर माझ्या गळ्यात घातलं. मुलं सात. सगळी इंग्रजी माध्यमाची, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी, मराठी फक्त घरी आणि तीही निम्मी. “मामा, मला पाठ होऊन गेलं,” असं ती म्हणतात आणि मीही त्यांच्याएवढा असताना असंच म्हणायचो. त्यामुळे इथं शुद्ध-अशुद्धाचा धडा द्यायचा नाही. पाठांतराबद्दल या दोन वर्षांत जे हाताला लागलं ते सांगायचं आहे, कारण यंदाही अनेक घरांत मुलं हातात कागद घेऊन फेऱ्या मारणार आहेत.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. बॅकअप घेतला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. तो बॅकअप परत चढवून, सगळं जसंच्या तसं उभं राहतं का हे बघितलं, तरच तो बॅकअप. नाहीतर ती नुसती भरलेली डिस्क. मी मुलांकडून वर्षभर डिस्क भरून घेत होतो. कागद बघून वीस वेळा म्हण, माझ्याबरोबर दहा वेळा म्हण. परत चढवून कधी पाहिलंच नव्हतं.

हे नुसतं माझं तर्कट नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा मिटून आठवणारे पुढे गेले. स्पर्धा पाच मिनिटांनी नसते, हे आपण घरी विसरतो. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आलं असं वाटतं.

गेल्या श्रावणात बाबा गेले. दिवाळीनंतर तालमी पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा भाची येईल असं मला वाटलं नव्हतं. ताई म्हणाली होती, “तिनं मराठीचं नावच सोडलंय. हिंदीत म्हणेन, नाहीतर नाही म्हणते.” माझ्या जिवाला तेच लागलं होतं. एका स्पर्धेपायी एका मुलीनं भाषाच बाजूला ठेवायची, याला कारण मी.

पहिल्या रविवारी ती आली, पण मागं दाराशी बसली. मी मुलांना सांगितलं की यंदा कविता तुम्ही निवडायची, फक्त एक बघा: तो कवी आपल्यासारखा महाराष्ट्राबाहेर राहिलेला असेल तर उत्तम. मुलांना वाटतं मराठी कविता म्हणजे पुण्या-नाशिकची. त्यांना सांगितलं की चंद्रशेखर बडोद्याचे राजकवी होते, बा. भ. बोरकर गोव्याचे, इंदिरा संत बेळगावच्या. आणि भा. रा. तांबे तर आपल्याच मातीतले. जन्म मुंगावलीचा, ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी, १९४१ साली वारले तेही ग्वाल्हेरला. मुलांनी मोबाइलवर मुंगावली शोधली. आपल्याच मध्य प्रदेशात निघाली, तेव्हा एकजण म्हणाला, “अरे, हे तर आपलेच निघाले!”

दाराशी बसलेली भाची म्हणाली, “आजोबा जे गुणगुणायचे ते तांब्यांचंच ना? ‘जन पळभर’?”

ज्यांना ही कविता माहीत आहे त्यांना मी काय गडबडलो ते कळेल. आपण गेल्यावर जग थोडा वेळ हळहळेल आणि मग सगळं पूर्वीसारखं चालू राहील, असं सांगणारी ही कविता. घरात चार महिन्यांपूर्वी माणूस गेलेलं. संध्याकाळी ताईनं फोन केला. “दुसरी कविता नाही का मिळाली? आईसमोर रोज हे म्हणणार ती?” मी आईकडे बघितलं. ती मेथी निवडत होती, तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, “त्यांनाच आवडायची. म्हणू दे.”

आता कामाला लागलो. या वेळी एक ठरवलं होतं: पहिला आठवडा पाठ करायचंच नाही. फक्त अर्थ.

आपल्या मुलांची खरी अडचण लिपी येत नाही ही नाही, लिपी येते ही आहे. हिंदीमुळे देवनागरी सरसर वाचता येते, म्हणून मराठीही वाचता आली असं त्यांना आणि आपल्यालाही वाटतं. पण ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण असतं, आपल्याकडे दंड. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, आपल्याकडे टिंगल. मूल अक्षर वाचतं, हिंदी अर्थ मनात धरतं आणि पुढे जातं. चुकीच्या अर्थावर पाठ केलेली ओळ ताण आला की पहिली निसटते, कारण तिला धरायला खाली काही नसतं.

या कवितेत तर याहून गंमत आहे. शेवटच्या कडव्यात ‘काय’ हा शब्द आहे. आपण दिवसभर ‘काय’ म्हणतो तो प्रश्न. इथं मात्र तो काया, म्हणजे देह. भाचीनं तो प्रश्न समजून वाचला आणि म्हणाली, “शेवटची ओळ अर्धवट का सोडलीय?” अर्थ सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे कवितेत दोन्ही ‘काय’ आहेत. सुरुवातीचा विचारतो आणि शेवटचा झोपतो.” हे मला सुचलं नसतं.

दुसरी अडचण रचनेची. कडव्यांतल्या बहुतेक क्रियापदांचा शेवट ‘तील’नं होतो. कानाला छान लागतं, पण पाठ करणाऱ्यासाठी हा चकवा आहे. सगळी वळणं सारखी दिसतात आणि दुसऱ्या कडव्यातून नकळत तिसऱ्यात शिरता येतं. मागच्या वर्षीही बहुधा असंच झालं असणार. सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींच्या मधे ती हरवली होती.

यावर उपाय कवितेतच होता. तिला विचारलं, “कवी कुठं कुठं बघतोय ते सांग.” तिनं बोट ठेवून सांगितलं. पहिल्या कडव्यात वर आकाशात, सूर्य-चंद्र-तारे. दुसऱ्यात खाली जमिनीवर, पाऊस, शेतं, नद्या. तिसऱ्यात घरात, आपली माणसं. चौथ्यात कुठंच नाही, स्वतःच्या आत. नजर वरून खाली येते, मग घरात शिरते, मग मनात. एकदा हे दिसल्यावर तिसरं कडवं दुसऱ्याच्या आधी येणं शक्यच नव्हतं. क्रम पाठ करावा लागला नाही. तो समजला.

एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं १८८५ साली स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिलं. प्रयोग त्यानं स्वतःवरच केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली आणि बायरनच्या ‘डॉन वॉन’ या काव्याची कडवीही पाठ केली. त्याला आढळलं की कवितेला निरर्थक अक्षरांच्या साधारण दहावा हिस्सा मेहनत लागते. अर्थ, लय आणि यमक यांचा हा फायदा. आपण मुलांना अर्थ न सांगता कविता देतो तेव्हा तो फायदा काढून घेतो आणि वर ‘लक्ष नाही तुझं’ म्हणून ओरडतो.

दुसऱ्या आठवड्यापासून पाठांतर. इथं मी उलटं केलं: शेवटचं कडवं आधी.

नेहमी काय होतं बघा. मूल पहिल्या कडव्यापासून सुरू करतं, अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. महिन्याभरात पहिलं कडवं दोनशे वेळा होतं आणि शेवटचं वीस वेळा. म्हणजे स्टेजवर मूल पक्क्या जमिनीवरून निघतं आणि पुढे पुढे भुसभुशीत मातीत जातं. दमही तिथंच संपत आलेला असतो. शिवाय कवीनं सगळ्यात जड बहुधा शेवटीच ठेवलेलं असतं. या कवितेचे अवघड शब्दही चौथ्याच कडव्यात आहेत.

म्हणून आधी फक्त चौथं कडवं, कागद न बघता येईपर्यंत. मग तिसरं, आणि ते झालं की लगेच पुढे चौथं. मग दुसरं-तिसरं-चौथं. शेवटी पहिलं. या पद्धतीत मूल दर वेळी नव्याकडून जुन्याकडे जातं, कच्च्याकडून पक्क्याकडे. भाची तिसऱ्या रविवारी म्हणाली, “मामा, घरी परत आल्यासारखं वाटतं.”

त्याबरोबर सांधे. कविता बहुतेक कडव्याच्या मधे तुटत नाही, दोन कडव्यांच्या सांध्यावर तुटते. म्हणून प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ एवढीच जोडी वेगळी म्हणून घ्यायची. मी हे मोठ्या ऐटीत आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “वेदपाठी लोक दुसरं काय करतात?” खरंच आहे. क्रमपाठात पहिलं पद दुसऱ्याशी, दुसरं तिसऱ्याशी, तिसरं चौथ्याशी असं जोडत जातात. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणतात. घनपाठ त्याहून गुंतागुंतीचा. कागदाशिवाय शेकडो वर्षं एक अक्षर न हलता टिकवायचं तर सांधे पक्के करावे लागतात, हे त्यांना माहीत होतं. वैदिक पठणाची ही परंपरा आता युनेस्कोच्या यादीत आहे. आमच्या सात जणांच्या वर्गात तिचा चतकोर तुकडा आहे.

आणि बहिणाबाई चौधरी? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या ओव्या रचत आणि म्हणत, घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या, १९५२ साली त्यांच्या मागे पुस्तक निघालं. ज्या बाईला कागद ठाऊक नव्हता तिच्या कविता आज आपण कागद हातात धरून पाठ करतो. हे सांगितल्यावर अकरावीतल्या मुलानं कागदाची घडी करून खिशात घातली.

उच्चारांचं काम शेवटी घेतलं, पण सोडलं नाही. इंदूरची मुलं ‘ळ’ला ‘ल’ करतात आणि ‘ण’ला ‘न’. ‘चुकलं’ म्हटलं तर मुलं लाजतात, म्हणून जोड्या दिल्या. वेळ आणि वेल: एक घड्याळात, एक अंगणात. गाळ आणि गाल. मण आणि मन. एकदा ‘गालातली माती काढली’ म्हणून हसून झालं की ‘ळ’ आपोआप जागेवर बसतो. पुढे च, ज, झ. मराठीत यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि अक्षर एकच, हे हिंदी वाचणाऱ्याला कसं कळणार? ‘जग’ म्हणजे दुनिया तेव्हा एक ‘ज’, ‘तू जग’ म्हणताना दुसरा. ‘माझा’मधला ‘झ’ आणि ‘माझी’मधला ‘झ’ वेगळे. हे नियम सांगून येत नाही, आजीच्या तोंडून ऐकून येतं. म्हणून गृहपाठ दिला: कविता आजीकडून किंवा आजोबांकडून एकदा मोठ्यानं वाचून घ्यायची आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून आणायची. सातातल्या पाच जणांनी आणली. एका आजी वाचता वाचता थांबून शेजारणीशी बोलल्या, तेही रेकॉर्ड झालं आणि तेच सगळ्यांनी चार वेळा ऐकलं.

लयीचंही थोडं. या कवितेची कडवी मात्रांची आहेत. ह्रस्वाला एक, दीर्घाला दोन मोजले की ओळ आठ-आठच्या दोन तुकड्यांत पडते. टेबलावर ठेका धरून मोजली की श्वास कुठं घ्यायचा ते कोणाला विचारावं लागत नाही. मोजताना मुलांना आणखी एक कळतं. बोलताना आपण शेवटचा ‘अ’ खाऊन टाकतो, पद्यात तो मोजला जातो. तो खाल्ला की ओळ लंगडते.

पण खरा डोंगर निराळाच होता. लताबाईंनी ही कविता गायलेली आहे, वसंत प्रभूंच्या चालीवर. आणि लताबाईंचा जन्म इंदूरचा, त्यामुळे आपल्याकडे ती चाल जास्तच घरोब्याची. भाचीनं तोंड उघडलं की दोन ओळींत ती चालीत शिरायची. काव्यपाठाच्या स्पर्धेत गाऊन चालत नाही. ‘चाल विसर’ असं सांगून चाल विसरत नाही. उलट ती चालच तर तिच्या आजोबांची होती.

यावर तोडगा आईनं काढला. तोडगा म्हणण्यासारखंही नव्हतं ते. डिसेंबरमधला एक रविवार. बाकीची मुलं गेली होती, भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिसरं कडवं म्हणत होती. माणसं डोळे पुसतात आणि आपापल्या कामाला लागतात, ते कडवं. तिचा आवाज भरून आला, ती थांबली. मी या वेळी शब्द सांगितला नाही. आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. तशीच बोलली, “तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा मामा लॅपटॉप उघडून बसला होता. मीटिंग होती म्हणे. मला इतका राग आला. मग बघितलं तर मीसुद्धा कुकर लावत होते.”

मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मीटिंग होती हे खरं, आणि मी ती का घेतली ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा दुसरं काय करावं ते कळत नव्हतं.

भाचीनं विचारलं, “आजी, मग हे रागानं म्हणायचं?”

“नाही गं,” आई म्हणाली. “राग कसला त्यात? लोकं कामाला लागतात, लागायलाच पाहिजे. तुझे आजोबा हे म्हणायचे तेव्हा रागावलेले असायचे का? नुसतं सांगितल्यासारखं म्हण. मी आत्ता तुला सांगितलं ना, तसं.”

त्या दिवसापासून चाल सुटली. भाची ते कडवं सांगायला लागली. आवाज वर नाही, हात छातीशी नाही, डोळ्यांत पाणी नाही. काव्यपाठात ‘भाव’ नावाचे जे गुण असतात त्यासाठी आपण मुलांना हातवारे शिकवतो. भाव असा कोणाच्या तरी खऱ्या वाक्यातून येतो, हे मी त्या दारात शिकलो.

शेवटच्या तीन आठवड्यांत मी फक्त दोन कामं केली. पहिलं, जागा बदलणं. १९७५ साली गॉडन आणि बॅडली या संशोधकांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली पाठ करायला दिले, काही काठावर. जिथं पाठ केले तिथं ते जास्त आठवले. आपली मुलं आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर पाठ करतात आणि मग अनोळखी हॉलमध्ये दिव्यांसमोर उभी राहतात. म्हणून गच्चीवर म्हणून घेतली, जिन्यात म्हणून घेतली, एकदा छप्पन दुकानवर पोहे खायला गेलो तेव्हा गाड्यांच्या आवाजात म्हणून घेतली. पोहेवाल्यानं भाचीला जिलेबीचा एक वेढा जास्त दिला.

दुसरं काम माझ्यासाठी जास्त अवघड होतं: गप्प बसणं. मूल थांबलं की मनात दहापर्यंत मोजायचं. बहुतेक वेळा सहा-सातला ओळ येते. नाहीच आली तर शब्द द्यायचा नाही, ‘नजर आता कुठं आहे?’ एवढंच विचारायचं. आकाशात की घरात? तेवढ्यावर मूल स्वतः रस्ता शोधतं. आणि एकदा स्वतः शोधलेला रस्ता स्टेजवरही सापडतो. तालमीत मुद्दाम मधेच फोन वाजवायचो, दार वाजवायचो. मुलांना माझा वैताग आला. येऊ दे म्हटलं. बाबांच्या शब्दांत सांगायचं तर त्यांना घरीच अडखळू देत होतो.

स्पर्धा यंदाही संक्रांतीनंतरच्याच रविवारी झाली. आई पहिल्या रांगेत होती, शेजारची खुर्ची ताईनं पर्स ठेवून अडवली होती. मागच्या वर्षी त्या रांगेत बाबा होते.

भाचीनं पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. तिसऱ्याच्या आधी ती थांबली.

मी मोजायला लागलो. चार. पाच. सहा. विंगेत मी नव्हतोच, मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो होतो. तिनं इकडंतिकडं पाहिलं नाही. पहिल्या रांगेकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. आईनं मान हलवली, स्वयंपाकघरात कोणी काही विचारलं की हलवते तशी. चौथं कडवं आलं. शेवटचा ‘काय’ तिनं इतका हळू म्हटला की मागच्या रांगेत मला तो नीट ऐकूही आला नाही.

नंतर विचारलं, “विसरली होतीस ना?” तर म्हणाली, “नाही. नजर घरात न्यायला वेळ लागतो, मामा.”

तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस बहिणाबाईंच्या ओव्या म्हणणाऱ्या अकरावीतल्या मुलाला, आणि ते योग्यच होतं. एका परीक्षकांनी भाचीच्या कागदावर ‘हातवारे कमी’ असं लिहिलं. तो कागद तिनं अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवला आहे.

तुमच्या घरी यंदा कोणी कविता घेतली असेल तर एवढं करून बघा. पहिला आठवडा फक्त अर्थाला द्या आणि प्रत्येक शब्द मराठीच आहे ना, हिंदी अर्थानं तर वाचला जात नाही ना, ते विचारा. कवी कुठं कुठं बघतो ते मुलाकडूनच काढून घ्या. पाठांतर शेवटच्या कडव्यापासून सुरू करा आणि दोन कडव्यांमधले सांधे वेगळे म्हणून घ्या. एका दिवशी तासभर बसवण्यापेक्षा रोज दहा मिनिटं, तीही कागद मिटून. घरात आजी-आजोबा असतील तर एकदा त्यांच्या तोंडून कविता ऐका आणि जमलं तर रेकॉर्ड करून ठेवा. आमच्याकडे बाबांच्या आवाजात काही नाही. ते गुणगुणायचे तेव्हा आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.

आणि मूल अडखळलं तर गप्प बसा. दहापर्यंत मोजा. हे सगळ्यात कठीण आहे.

पुढच्या वर्षीची तालीम दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आमच्याकडे सुरू होईल. भाचीनं कविता आत्ताच ठरवली आहे, इंदिरा संतांची. शेवटचं कडवं पाठ झालं म्हणते. मी अजून ऐकलेलं नाही.